वाऱ्याची वाट

मागचे झाकण उघडल्यावर प्रथम दिसतो तो काळा पत्रा. अर्धगोल माथ्याचे एक मोठे कवच, त्याच्यापुढे जनरेटर, जनरेटरवरून खाली उतरणारा एकच पट्टा आणि कडेने बसवलेले पत्र्याचे लहानमोठे तुकडे. फोक्सवागन बीटलचे चार सिलिंडर या साऱ्याच्या खाली, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे असतात. जुनी एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची, गाडी पुन्हा उभी करायला घेणारे पुष्कळ जण थेट इंजिनाला हात घालतात आणि हा पत्रा काढून कोपऱ्यात टाकतात. आपण मात्र आज त्या पत्र्यापासूनच सुरुवात करणार आहोत, कारण माझ्या अनुभवात अशा गाडीचे आयुष्य सर्वांत आधी त्याच्यावर ठरते.

इंजिन हवेने थंड करण्याची कल्पना बीटलच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेतील फ्रँकलिन कंपनी १९०२ पासून १९३४ पर्यंत अशाच गाड्या विकत होती. चेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका यांनी टाट्रासाठी आधी दोन सिलिंडरचे आणि पुढे १९३४ च्या टाट्रा ७७ साठी मागच्या बाजूला बसणारे आठ सिलिंडरचे एअर-कूल्ड इंजिन घडवले. फर्डिनांड पोर्शे यांची बीटल, १९४८ मध्ये पॅरिसमध्ये लोकांसमोर आलेली सित्रोएनची टू-सीव्ही, दान्ते जाकोसा यांची १९५७ ची फियाट ५००, शेव्हरोलेची कॉर्वेर आणि पोर्शे ९११ या सगळ्यांमागचा हिशोब सारखाच होता: रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, थंडीत गोठणारे पाणी नाही आणि उन्हात उकळणारेही नाही. एकट्या बीटलच्या, ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत, २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या.

पाणी नाही म्हणजे थंड करण्याची व्यवस्थाच नाही, असा समज मात्र अनेकांचा होतो आणि तोच या गाड्यांना महागात पडतो. जनरेटरच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, त्या कवचाच्या पोटात, एक पंखा असतो. इंजिन जोरात फिरत असताना तो दर सेकंदाला सुमारे ५०० लिटर हवा ओढतो, ती सिलिंडरच्या आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकाला बसणाऱ्या झाकणाच्या, पात्यांमधून खाली ढकलतो आणि तापलेली हवा गाडीच्या बुडाशी सोडून देतो. इंजिनाच्या सभोवतीचा पत्रा आणि त्याच्या कडेला लागणारी रबराची पट्टी मिळून वरची थंड हवा आणि खालची गरम हवा यांच्यामध्ये भिंत उभी करतात. ही पट्टी फाटली किंवा पत्र्याचा एखादा तुकडा हरवला, की खालची तापलेली हवा वर येते, पंखा तीच पुन्हा आत ओढतो आणि इंजिन स्वतःच्याच उष्णतेत भाजू लागते. बीटलच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नसतो. पट्टा तुटला तर जनरेटर थांबतो आणि लाल दिवा लागतो. त्याच पट्ट्यावर पंखाही फिरत असल्याने तो दिवा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, एवढाच मार्ग उरतो.

पडद्यावर दिसणारी ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कवचातील, हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा कुणीतरी काढून टाकलेल्या होत्या. उजव्या बाजूच्या सिलिंडरांखाली पितळेचा एक छोटा, भात्यासारखा थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना तो आखडलेला राहतो आणि झडपा मिटून धरतो. ६५ ते ७० अंशांच्या आसपास तो लांबतो आणि झडपा उघडतात. थर्मोस्टॅट बिघडला तर झडपा अडकतील आणि इंजिन जळेल, या भीतीने तो काढण्याची पद्धत पडली असावी. प्रत्यक्षात भात्याला छिद्र पडले तर तो लांब झालेल्या अवस्थेतच राहतो, म्हणजे झडपा उघड्याच राहतात. उलट झडपा काढल्या की सिलिंडर आणि हेड यांच्याकडे हवा वळवणारी पातीही त्यांच्याबरोबर जातात. माझ्या गाडीत ती पाती तर नव्हतीच. शिवाय इंजिनाचे तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरवर उंदराने कापूस आणि सुकलेले गवत यांचे घर केले होते. ते मी चिमट्याने, बोटांनी, मग तारेने असे एकेक करून बाहेर काढले आणि त्याखाली कूलरच्या फटी मातीने लिंपल्यासारख्या बंद झालेल्या दिसल्या. इतकी वर्षे हे इंजिन तसेच धावले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

या कूलरची जागा समजून घेण्यासारखी आहे. १९७० पर्यंतच्या बहुतेक बीटलमध्ये तो कवचाच्या आत, तिसऱ्या सिलिंडरच्या अगदी वर उभा असे, त्यामुळे त्या सिलिंडरला मिळणारी हवा कमी आणि आधीच तापलेली असे. पुढच्या इंजिनांमध्ये कूलर थोडा बाहेर सरकवून त्याला स्वतंत्र वाट दिली गेली. जुन्या मांडणीच्या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरचा, जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सर्वांत आधी दगा देतो आणि त्याची चाहूल आधीच लागते, फक्त ती घेता आली पाहिजे. इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधले अंतर, तपासायचे असतात. ०.१५ मिलिमीटरची फीलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये सरकवली की ती हलक्या ओढीने, लोण्यातून सुरी जावी तशी, सरकली पाहिजे. तिसऱ्या सिलिंडरला ती दर वेळी अडकू लागली आणि दर वेळी अंतर वाढवून द्यावे लागले, तर व्हॉल्व्ह ताणला जात आहे किंवा त्याची सीट, म्हणजे तो जिथे टेकतो ती कडी, मागे सरकते आहे, असे समजावे. अशा वेळी अंतर पुन्हा बरोबर करून गाडी चालवत राहणे म्हणजे व्हॉल्व्हचे डोके तुटून पिस्टनवर पडण्याची वाट पाहणे आहे. हेड उतरवावे.

इंजिन बाहेर काढणे मात्र या गाडीत आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. पट्टे, तारा, पेट्रोलची नळी आणि हीटरच्या नळ्या सुटल्या की गिअरबॉक्सला धरून ठेवणारे चारच बोल्ट उरतात. खरा वेळ लागतो तो पुढच्या कामाला. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, हलका आणि मऊ असतो. हेडचे नट भलत्या जोरात आवळले की त्यात रोवलेले स्टड आट्यांसकट बाहेर येतात. या इंजिनाच्या चार स्टडचे आटे असेच गेले होते. तिथे मोठे भोक पाडून पोलादी आट्यांच्या बाह्या बसवाव्या लागल्या. १० मिलिमीटरच्या स्टडला ३२ न्यूटन-मीटरच पुरे असतात आणि तेवढे हाताच्या अंदाजाने कधीच साधत नाहीत. तिथे टॉर्क रेंचच हवा.

आता ज्या कामात मी सर्वांत अधिक रमतो ते पाहा. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाला असलेल्या फ्लायव्हील या जड चाकाच्या मागे तीन पातळ पोलादी चकत्या बसतात, त्यांना शिम म्हणतात. क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकायला ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर इतकीच मोकळीक असावी लागते. आधी दोनच शिम घालून फ्लायव्हील पूर्ण आवळायचे, डायल गेजचा काटा त्यावर टेकवायचा आणि शाफ्ट पुढेमागे ढकलून काटा किती फिरतो ते लिहून घ्यायचे. त्यातून ०.१० वजा केले की तिसऱ्या शिमची जाडी मिळते. आमचे माप ०.४४ आले, म्हणून ०.३४ ची शिम निवडली. सगळे पुन्हा खोलून, ती घालून, पुन्हा आवळल्यावर काटा बरोबर ०.१० वर थांबला.

बॉडीविषयी थोडक्यात सांगतो, कारण गंजाचे काम सगळ्याच जुन्या गाड्यांत सारखे असते. बीटलमध्ये मागच्या आसनाखाली, बॅटरीच्या जागी, तळाचा पत्रा आधी सडतो आणि दरवाजांखालून जाणाऱ्या हीटरच्या पोकळ्या आतून पोखरल्या जातात. त्या पोकळ्या बॉडीचा कणाही आहेत, म्हणून त्यांवर पुट्टी लिंपून रंग मारणे मी फसवणूक मानतो. पत्रा कापून नवा जोडण्याआधी दरवाजांच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड कराव्यात, नाहीतर बॉडी वाकते आणि दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

पेट्रोलच्या नळीबाबत मात्र कुणाचेही ऐकू नये. जुनी कापडी वेष्टनाची नळी वरून ठीक दिसते आणि आतून चिरलेली असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ती आणखी लवकर खराब होते. गळणारे पेट्रोल गरम इंजिनावर पडते आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतल्यास आग अधिकच भडकते. म्हणून गाडी घरी आल्यावर पहिला खर्च नव्या नळीचा आणि पक्क्या क्लिपांचा करावा, बाकी सारे नंतर.

पोर्शेने एअर-कूल्ड ९११ चे उत्पादन १९९८ मध्ये थांबवले. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले की हेड नुसत्या हवेने थंड ठेवणे कठीण होते, आवाजाचे आणि धुराचे नियमही कडक झाले होते. तेव्हापासून या गाड्यांच्या किमती चढत गेल्या आणि मूळ क्रमांकाच्या, म्हणजे कारखान्यातून त्याच गाडीबरोबर आलेल्या, इंजिनाला फार मोल आले. मूळपणाचा आग्रह मलाही पटतो, पण तो दाखवण्यापुरता नसावा. चकचकीत क्रोमचे, पाती नसलेले कवच लावून मूळ पत्रा टाकून देणे मला न उमगणारे आहे.

आज इंजिन पुन्हा जागेवर आहे. स्पार्क प्लग काढून ते स्टार्टरवर फिरवले आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थांबलो. मग प्लग लावले. तिसऱ्या प्रयत्नात ते सुरू झाले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या नव्या कॅमशाफ्टसाठी ते वीस मिनिटे, मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास चालत ठेवायचे आहे, म्हणून आम्ही काही न बोलता उभे आहोत. कॅमेरा आता गाडीखाली नेला आहे. पितळेचा भाता अजून आखडलेलाच आहे. चौथ्या मिनिटाला तो हलतो, केसभर लांबतो, झडपांना जोडलेली तार सैल पडते, आणि कवचाच्या आत झडपा उघडल्याचा बारीक टक् असा आवाज इंजिनाच्या गडगडाटातूनही ऐकू येतो.