मँचेस्टरच्या पिवळ्या बसगाड्या

श्रोतेहो, महापौर म्हटले की आपल्याला नगरसेवकांनी निवडलेली, सभागृहात अध्यक्षस्थानी बसणारी व्यक्ती आठवते. कारभाराच्या चाव्या मात्र आयुक्तांच्या हाती असतात. इंग्लंडमधील प्रादेशिक महापौराचे प्रकरण निराळे आहे. ग्रेटर मँचेस्टरमधील दहा स्थानिक परिषदांसाठी मतदारांनी थेट निवडलेला एक महापौर असावा, असा करार २०१४ मध्ये झाला आणि मे २०१७ मध्ये अँडी बर्नहॅम ६३ टक्के मते मिळवून त्या पदावर आले.

त्यापूर्वी ते सोळा वर्षे खासदार होते, गॉर्डन ब्राउन यांच्या मंत्रिमंडळात सांस्कृतिक खाते आणि पुढे आरोग्य खाते त्यांनी सांभाळले होते, आणि मजूर पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक २०१० व २०१५ अशी दोनदा हरले होते. त्यामुळे ही पायउतारच आहे असे म्हणणारे कमी नव्हते. मला मात्र या कारकिर्दीचे मूळ एप्रिल २००९ मधील एका प्रसंगात दिसते. हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते मरण पावले, त्या दुर्घटनेला वीस वर्षे झाली होती आणि लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर ते सरकारच्या वतीने बोलायला उभे होते. भाषण चालू असतानाच शहाण्णव मृतांना न्याय द्या, असा घोष प्रेक्षकांतून उठला. बर्नहॅम थांबले आणि त्यांनी तो ऐकून घेतला. सरकारकडे असलेली कागदपत्रे खुली करण्याचा आग्रह त्यांनी पुढे धरला, आणि चाहत्यांवर दोष ढकलला गेला होता हे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने उघड केले.

असाच उघड्यावरचा दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२० मधला. कोरोनाच्या कडक निर्बंधांच्या बदल्यात साडेसहा कोटी पौंड द्या, अशी त्यांची मागणी होती. सरकार सहा कोटींवर अडून बसले होते. बोलणी फिसकटल्यावर ब्रिजवॉटर हॉलबाहेर ते पत्रकारांशी बोलत असतानाच कोणीतरी मोबाइल पुढे केला आणि तूर्त केवळ २ कोटी २० लाख मिळणार, ही बातमी त्यांनी कॅमेऱ्यांसमोरच वाचली. वृत्तपत्रांनी त्यांना 'उत्तरेचा राजा' केले. पण त्या दिवशी राजाच्या तिजोरीत काही नव्हते, हेही त्या दृश्यातूनच दिसले.

सगळेच साधले असे नाही. रस्त्यावर झोपण्याची वेळ २०२० पर्यंत कोणावरही येऊ नये, हे वचन पुरे झाले नाही. पोलिसांवरील देखरेख महापौराकडे असताना वर्षभरात सुमारे ८० हजार गुन्ह्यांची नोंदच झाली नसल्याचे तपासणीत आढळले, ही तर मोठीच नामुष्की.

खरे काम झाले ते बसचे. थॅचर यांच्या काळात, १९८६ मध्ये, लंडन वगळता बससेवा खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडली गेली. मार्ग त्यांचे, भाडे त्यांचे, आणि एका कंपनीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालेलच असे नाही. मार्ग, वेळापत्रक व भाडे प्रदेशाच्या सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाने ठरवायचे आणि कंपन्यांनी निविदा भरून ठरल्याप्रमाणे गाड्या चालवायच्या, असा निर्णय बर्नहॅम यांनी २०२१ मध्ये घेतला. दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन आणि विगनच्या रस्त्यांवर मँचेस्टरची जुनी खूण असलेल्या मधमाशीच्या नावाने पिवळ्या गाड्या धावू लागल्या, आणि ५ जानेवारी २०२५ रोजी दहाही परिषदांच्या हद्दीतील बससेवा प्राधिकरणाच्या ताब्यात आली.