काढून टाकण्याचा शॉर्टकट

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय कॉपीराइट, बोलण्याचं स्वातंत्र्य आणि टेक्नॉलॉजीचे कायदे. खरं तर ही तीन व्याख्यानं झाली, पण हे तिन्ही विषय एका जागी येऊन मिळतात, आणि ती जागा म्हणजे इंटरनेटवरची एखादी गोष्ट काढून टाकायला लावण्याची ताकद. ती कुणाच्या हातात आहे आणि किती स्वस्तात मिळते, एवढ्यावरच आज बोलणारे.

समजा एखाद्या कंपनीबद्दल कुणीतरी काहीतरी छापलंय, खरं छापलंय, पण कंपनीला ते नकोय. बदनामीचा दावा लावायचा तर वकील गाठा, कोर्टात उभं राहा, तारखा घ्या, वर्षं घालवा, आणि मजकूर खरा निघाला की हातात काहीच नाही. आता दुसरा रस्ता बघा. एक फॉर्म भरायचा, त्यात लिहायचं की हा मजकूर माझ्या मालकीचा आहे आणि माझ्या परवानगीशिवाय टाकलाय. झालं. जज नाही, सुनावणी नाही, समोरच्याला आधी विचारणंही नाही, आणि थोड्याच दिवसांत मजकूर गायब. म्हणून ज्याला टीका बंद पाडायचीय तो माणूस बदनामीच्या कायद्याकडे जातच नाही, तो कॉपीराइटच्या कायद्याकडे जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा शॉर्टकट बंद करायला हवा, आणि तो बंद केला तरी खऱ्या लेखकाचं, खऱ्या गायकाचं काही बिघडत नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. २००३ मध्ये अमेरिकेत डीबोल्ड नावाची कंपनी इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रं बनवायची. तिच्या आतल्या ईमेल बाहेर फुटल्या, त्यात कंपनीचीच माणसं यंत्रांतल्या अडचणींबद्दल एकमेकांना लिहीत होती. स्वार्थमोर कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी त्या नेटवर टाकल्या. निवडणुकीच्या यंत्राबद्दल नागरिकांना माहिती असणं याच्याइतकं महत्त्वाचं बोलणं दुसरं कुठलं असणार? कंपनीने काय केलं, तर ईमेल आमच्या कर्मचाऱ्यांनी लिहिल्या म्हणजे कॉपीराइट आमचा, असं म्हणून इंटरनेट कंपन्यांना नोटिसा धाडल्या. विद्यार्थी कोर्टात गेले आणि २००४ मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की मतदान यंत्रांच्या दोषांची चर्चा करणाऱ्या ईमेलवर कॉपीराइट भंगाचा दावा करणं हा कायद्याचा गैरवापर आहे. डीबोल्डला सव्वा लाख डॉलर भरावे लागले. पण ते विद्यार्थी हटून बसले म्हणून हे झालं, आणि त्यांच्या बाजूने फुकट लढणारे वकील उभे राहिले म्हणून. बाकीचे बहुतेक लोक नोटीस आली की गप्प बसतात.

गप्प का बसतात हे कळायला कायदा जवळून बघावा लागतो. हा १९९८ चा अमेरिकन कायदा, डीएमसीए, म्हणजे डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट, त्यातलं कलम ५१२. जगातले बरेचसे मोठे प्लॅटफॉर्म अमेरिकन असल्यामुळे कुठेही बसून व्हिडिओ टाका, व्यवहारात हेच कलम तुमच्यावर चालतं. नोटीस पाठवणाऱ्याने शपथेवर काय सांगायचं? फक्त एवढंच की मी मालकाच्या वतीने बोलायला अधिकृत आहे. समोरच्याने खरंच भंग केलाय का, हे शपथेवर नाही, तिथे ‘मला प्रामाणिकपणे असं वाटतं’ एवढं पुरतं. आणि ज्याचा मजकूर उडाला त्याने तो परत मागायचा असेल तर? त्याने नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा, हे चुकून काढलंय असं मला वाटतं हे शपथेवर लिहायचं, खोटं ठरलं तर शिक्षेची तयारी ठेवायची, शिवाय अमेरिकन कोर्टाचा अधिकार मान्य करायचा. आणि हा अर्ज जातो कुणाकडे, तर ज्याने तक्रार केली त्याच्याकडे! म्हणजे एखाद्या ताकदवान माणसावर नाव लपवून टीका करणाऱ्याने स्वतःच्या घराचा पत्ता त्याच माणसाच्या हातात द्यायचा. त्यानंतरसुद्धा मजकूर परत यायला कामाचे १० ते १४ दिवस. बातमी असेल, निवडणूक असेल, आंदोलन असेल, तर दोन आठवड्यांनी परत आलेल्या व्हिडिओचं काय करायचं?

खोटी नोटीस पाठवणाऱ्याकडून भरपाई घेण्याची तरतूद आहे, नाही असं नाही. पण ती कशी चालते ते बघा. २००७ मध्ये एका आईने आपल्या लहानग्याचा नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे कुठेतरी एक गाणं वाजत होतं, तेही खरखरीत. म्युझिक कंपनीने नोटीस पाठवली, व्हिडिओ उडाला. बाईंनी केस केली. २०१५ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की नोटीस पाठवण्याआधी हा वापर कायदेशीर असू शकतो का याचा विचार करायलाच हवा, ऐकायला किती छान, पण लगेच पुढे असंही म्हटलं की पाठवणाऱ्याला मनापासून तसं वाटलं असेल तर पुरे, मग ते वाटणं चुकीचं असलं तरी चालेल. प्रकरण शेवटी २०१८ मध्ये तडजोडीने मिटलं. अकरा वर्षं, २९ सेकंदांसाठी.

यातून एक धंदाच उभा राहिलाय. हार्वर्डमध्ये ल्युमेन नावाचा एक संग्रह आहे, त्यात अशा नोटिसा जमा होतात आणि अभ्यासकांना वाचता येतात, त्यातून ही पद्धत उघड झाली. कुणाच्या तरी घोटाळ्याची बातमी आलेली असते. ती बातमी शब्दन्‌शब्द उचलून एका फालतू ब्लॉगवर टाकायची, तारीख मात्र मूळ बातमीच्या आधीची टाकायची, आणि मग सर्च इंजिनला कळवायचं की मूळ लेख आमचाय, त्या वर्तमानपत्राने चोरलाय. ज्याने मेहनतीने बातमी काढली तोच चोर ठरतो. सर्चमधून लिंक गेली की वाचकाच्या दृष्टीने बातमी मेलीच. मला याचा खरोखर संताप येतो, कारण जो कायदा लिहिणाऱ्याच्या रक्षणासाठी केला तोच वापरून लिहिणाऱ्याचं तोंड बंद केलं जातंय.

आणि आता तर नोटीस पाठवायलाही माणूस लागत नाही. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे, अपलोड झालेला व्हिडिओ ती आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघते आणि जुळलं की दावा लागतो, मग व्हिडिओ ब्लॉक होतो किंवा त्याचे पैसे दुसऱ्याकडे जातात. तुम्ही हरकत घेतली तर पहिला निर्णय कोण देतं, तर ज्याने दावा लावला तोच. मशीनला सूर जुळतो की नाही हे कळतं, पण तो सूर कशासाठी वापरलाय, टीकेसाठी, शिकवण्यासाठी की चोरीसाठी, हे कसं कळणार? २०१२ मध्ये नासाचं क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरलं तेव्हा नासाच्याच चॅनलवरचा नासाचाच व्हिडिओ एका न्यूज कंपनीच्या दाव्यामुळे उडाला, आणि अमेरिकन सरकारी कामाला तिथे कॉपीराइटच नसतो! २०१८ मध्ये एका संगीत अभ्यासकाच्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीच्या व्हिडिओवर पाच वेगवेगळे दावे लागल्याचं उघड झालं.

मशीनच्या या आंधळेपणाचा फायदा कोण घेतं तेही ऐका. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ऑकलंडला कोर्टाबाहेर काही कार्यकर्ते पोलिसाचं शूटिंग करत होते. त्या अधिकाऱ्याने खिशातून फोन काढला, एका गाजलेल्या गायिकेचं गाणं लावलं आणि तोंडाने सांगितलं की तुम्ही हवं तेवढं रेकॉर्ड करा, हे यूट्यूबवर टाकता येणार नाही. त्याला कॉपीराइटच्या कलमांशी काही देणंघेणं नव्हतं, फिल्टर कसा चालतो एवढं माहीत होतं. तो व्हिडिओ टिकला आणि जगभर पसरला, पण कॅमेरा समोर आला की गाणं लावायचं हे एका पोलिसाला सुचावं, यातच सगळं आलं.

आता न्याय्य बोलायचं तर १९९८ चा तो सौदा अगदीच वाईट नव्हता. लाखो लोक काय टाकतात त्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर टाकली असती तर आज आपण जिथे लिहितो-बोलतो त्यातलं काहीच उभं राहिलं नसतं. त्या बदल्यात नोटीस आली की काढा, असं ठरलं. चूक झाली ती तराजू एकीकडे झुकवण्यात. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही, की बाकीच्या बोलण्याला जे संरक्षण मिळालं ते कॉपीराइटच्या बाबतीत मिळालं नाही. अमेरिकेत दुसऱ्या एका कायद्यातलं कलम २३० लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून प्लॅटफॉर्मला भक्कम कवच देतं, पण बौद्धिक संपदेचे दावे त्यातून वगळलेत. भारतात २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आली तरच प्लॅटफॉर्मने मजकूर काढायचा, कुणीही सोम्यागोम्या पत्र पाठवेल म्हणून नाही. पण पुढच्याच वर्षी मायस्पेस या सोशल मीडिया साइटच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की कॉपीराइटमध्ये नेमका मजकूर दाखवणारी नोटीस पुरते, कोर्टाचा आदेश लागत नाही. दोन्ही देशांत एकच दार उघडं राहिलं, आणि जो तो त्याच दारातून आत घुसतोय. भारताच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद मला आवडते, तक्रारीनंतर मजकूर २१ दिवस रोखला जातो आणि तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत ठेवता येतो. कोर्टात जायचं ओझं तक्रार करणाऱ्यावर. फक्त ते २१ दिवस फार आहेत.

युरोपने २०१९ मध्ये उलटी दिशा धरली. त्यांच्या कॉपीराइट निर्देशातल्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांनी आपापल्या कायद्यात आणायच्या नियमांतल्या, कलम १७ ने मोठ्या प्लॅटफॉर्मना अपलोड होतानाच अडवायला भाग पाडलं, कायद्यात फिल्टर हा शब्द नाही पण दुसरा मार्गही ठेवला नाही. पोलंड त्याविरुद्ध युरोपच्या कोर्टात गेला, २०२२ मध्ये कोर्टाने कलम कायम ठेवलं, मात्र कायदेशीर आणि बेकायदेशीर यातला फरक नीट न ओळखणारी यंत्रणा चालणार नाही असंही बजावलं. जर्मनीने त्यातल्या त्यात डोकं लावलं. तिथे १५ सेकंदांपर्यंतचा ऑडिओ-व्हिडिओ, १६० अक्षरांपर्यंतचा मजकूर, १२५ केबीपर्यंतचं चित्र, असं छोटं उद्धरण दुसऱ्या काही मजकुरासोबत वापरलं तर ते आधी कायदेशीर धरायचं आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वर ठेवायचं. हे आकडे कुणाला किरकोळ वाटतील, पण यात संशयाचा फायदा बोलणाऱ्याला मिळतो, आणि मला हेच हवंय.

कॅनडाचा मार्ग त्याहून साधा. २०१५ पासून तिथे नोटीस आली की कंपनी ती फक्त मजकूर टाकणाऱ्याकडे पोचवते. काढायचं असेल तर कोर्टात जा. सुरुवातीला या नोटिसांमधून धमकावून पैसे मागायला लागले लोक, तर २०१८ मध्ये कायदा बदलून तेही बंद केलं.

इथे कुणीतरी म्हणेल की मग एखाद्या मुलीचे खासगी फोटो कुणी टाकले तर तिनेही कोर्टाच्या तारखा घ्यायच्या का? नाही, अजिबात नाही. तिथे प्रत्येक तासाला नुकसान वाढतं आणि ते पैशाने भरून येत नाही, म्हणून ते आधी काढा, ताबडतोब काढा. अमेरिकेने मे २०२५ मध्ये यासाठीच कायदा केला, ४८ तासांत काढायचं बंधन घातलं, आणि त्यामागची गरज शंभर टक्के खरी आहे. पण त्यात मजकूर टाकणाऱ्याला हरकत घेण्याची रीत ठेवली नाही आणि खोट्या तक्रारीला शिक्षाही ठेवली नाही, म्हणजे कॉपीराइटमध्ये पंचवीस वर्षं जो त्रास बघितला त्याची कलमं आणखी सैल करून उचलली. पीडितेला वाचवायचं तर खोटी तक्रार करणाऱ्याला धाक हवाच, नाहीतर खऱ्या तक्रारी खोट्या तक्रारींच्या ढिगाऱ्याखाली दबतात. गाण्याच्या वीस सेकंदांना मात्र ही घाई लागू होत नाही, तिथे नुकसान झालंच तर नंतर भरून देता येतं.

राहिला प्रश्न छोट्या कलाकारांचा. एखादी कवयित्री कविता लिहिते आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुसून ती हजार ठिकाणी फिरते, ती मला म्हणेल की बाई, माझा एकुलता एक फॉर्मही तुम्ही काढून घेताय. तिचं दुःख खरंय. पण आजची यंत्रणा तिच्या उपयोगाची आहे का? कंटेंट आयडी सरसकट सगळ्यांना मिळत नाही, ती मोठा संग्रह असलेल्या मालकांसाठी आहे. तिच्यासाठी खरं तर कमी खर्चाचं, ऑनलाइन चालणारं, लवकर निकाल देणारं छोटं न्यायपीठ हवं, जिथे वकिलाशिवाय उभं राहता येईल आणि नावासकट भरपाई मिळेल. एआय कंपन्या तिची कविता न विचारता ट्रेनिंगला वापरतात ती तक्रारही तिथे, किंवा परवाना आणि मोबदल्याच्या कायद्यात सोडवायला हवी, कारण काढून टाकण्याच्या बटणाने तिला एक पैसाही मिळत नाही.

तर माझी मागणी सरळ आहे. तक्रार पूर्णच्या पूर्ण शपथेवर असावी, मजकूर टाकणाऱ्याला आधी कळवावं, त्याचा पत्ता तक्रारदाराला न देता त्याची हरकत ऐकावी, हरकत आली की मजकूर वर ठेवून तक्रारदाराने कोर्टात जावं, आणि तक्रार खोटी निघाली तर ठरलेला दंड थेट ज्याचा मजकूर उडाला त्याच्या खिशात जावा, त्याला अकरा वर्षं भांडावं लागू नये. प्रत्येक नोटीस सार्वजनिक संग्रहात जमा झालीच पाहिजे, कुणी काय काढायला लावलं हे लोकांना दिसलं पाहिजे. नवीन कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला की आपण बहुतेक वेळा भाषण-स्वातंत्र्याची मोठी कलमं वाचतो आणि नोटिशीच्या फॉर्मचं परिशिष्ट सोडून देतो. आधी ते परिशिष्ट वाचा, त्यात शपथ कुणाकडून घेतलीय ते बघा आणि त्यावरच हरकत लिहून पाठवा. आता तुमचे प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून सुरू करूया.