नारू, कापडी गाळणी आणि जिमी कार्टर

मित्रहो, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर म्हटलं की कॅम्प डेव्हिडचा करार, इराणमधले ओलीस आणि १९८० मध्ये रेगन यांच्याकडून झालेला दणदणीत पराभव आठवतो. ते सगळं आज बाजूला ठेवू. २०२४ च्या डिसेंबरात, शंभरी पूर्ण करून ते गेले. म्हणजे पद सुटल्यावर जवळजवळ ४४ वर्षं जगले. त्या काळातलं त्यांचं नाव सहसा घरबांधणीशी जोडलं जातं. २००६ मध्ये लोणावळ्याजवळच्या पाटण गावात 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'ची घरं उभी राहत होती, तेव्हा ऐंशी ओलांडलेले कार्टर स्वतः कामाला होते. त्यांच्या आई लिलियन त्याच्याही चाळीस वर्षं आधी, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून येऊन विक्रोळीत परिचारिकेचं काम करून गेल्या. पण माझ्या मते कार्टर यांचं सर्वांत मोठं काम नारूच्या निर्मूलनाचं आहे.

साठीपुढच्या श्रोत्यांपैकी काहींना नारू ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. नारू म्हणजे पाण्यातून शरीरात शिरणारा लांब जंत आणि त्याने होणारा रोग. डबक्यातल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव असतात. ते नारूच्या अळ्या खातात आणि साधारण दोन आठवड्यांत त्या अळ्या माणसाला बाधण्याजोग्या होतात. असं पाणी न गाळता प्यायलं की अळी पोटातून शरीरात शिरते. वर्षभर काहीच कळत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, आग आग होते आणि त्यातून मीटरभर लांबीची मादी डोकं काढते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो आणि त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. पुढच्या वर्षीच्या रोगाची पेरणी तिथेच झाली.

यावर लस नाही, औषधही नाही. जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तो आत तुटला की जखम चिघळते, पू होतो, माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. तेही नेमकं पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत.

१९८६ मध्ये कार्टर यांच्या 'कार्टर सेंटर' या संस्थेने नारू निर्मूलनाचं काम हाती घेतलं तेव्हा जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. कार्टर डॉक्टर नव्हते. शास्त्रीय बाजू डोनाल्ड हॉपकिन्स यांच्यासारख्या जाणकारांनी सांभाळली. कार्टर यांनी केलं ते असं की राष्ट्रप्रमुखांना थेट गाठलं, त्यांच्याच देशातले आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि कंपन्यांकडून गाळणीचं कापड व पाण्यात टाकायचं औषध फुकट मिळवलं. माजी अध्यक्षाचा फोन कोणी सहसा टाळत नाही, आणि या एका भांडवलाचा इतका चिवट वापर दुसऱ्या कुणी केल्याचं मला तरी दिसत नाही.

आता गाळणी. बारीक विणीचं नायलॉनचं कापड मडक्याच्या तोंडावर ताणून बांधायचं, एवढंच. पण चुका इथेच होतात. कापडाला बारीकसं भोक पडलं तरी गाळणी निकामी. दुसरी चूक जास्त फसवी आहे: कापड उलटं बांधलं, तर आदल्या दिवशी अडकलेले सायक्लॉप्स धुऊन थेट पिण्याच्या पाण्यात जातात. म्हणून वरची बाजू कोणती ते ठरलेलं हवं आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत हवं. गुराखी आणि शेतमजूर घरी पाणी प्यायला येत नाहीत. त्यांच्यासाठी टोकाला जाळी लावलेली नळी, गळ्यात अडकवायची.

सायक्लॉप्स मारायला तळ्यात टेमेफॉस नावाचं औषध टाकतात. प्रमाण एका घनमीटर पाण्याला १ ग्रॅम मूळ औषध. तळं २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी १ मीटर खोल असेल तर ३०० ग्रॅम. दर चार आठवड्यांनी पुन्हा. खोली एकाच ठिकाणी मोजली की हिशेब चुकतो. मधे पाऊस पडला तरीही चुकतो.

खरी कसोटी रुग्ण 'रोखला' असं केव्हा म्हणायचं, याची. जंत बाहेर आल्यापासून २४ तासांच्या आत तो सापडला पाहिजे. जंत बाहेर आल्यापासून रुग्ण पाणवठ्यात उतरलेला नसावा. पूर्ण जंत निघेपर्यंत जखम धुऊन पट्टी बदलत राहायची आणि पर्यवेक्षकाने सात दिवसांत येऊन खात्री करायची. यातली एक अट हुकली तरी तो रुग्ण रोखला गेला नाही असंच धरायचं.

युद्ध चालू असेल तिथे हे कसं जमणार? १९९५ मध्ये कार्टर यांनी सुदानमध्ये दोन्ही बाजूंना शस्त्रं खाली ठेवायला लावली. नारूसाठी झालेली ती शस्त्रसंधी जवळपास सहा महिने टिकली. तेवढ्यात गाळण्या वाटल्या गेल्या आणि मुलांना इतर रोगांच्या लसीही टोचल्या.

भारताचं श्रेय मात्र भारतालाच द्यायला हवं. इथला राष्ट्रीय कार्यक्रम कार्टर सेंटरच्या आधीचा. महाराष्ट्रासह सात राज्यांत रोग होता आणि मुख्य दोष पायऱ्यांच्या विहिरींचा, कारण माणूस पाण्यात पाय बुडवूनच घागर भरायचा. पायऱ्या बंद करून रहाटाने पाणी शेंदायची सोय केली, हातपंप बसवले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, असं कार्टर २०१५ मध्ये म्हणाले होते. तसं झालं नाही. २०२४ मध्ये जगात १५ माणसांना नारू झाला. तेवढ्यावर विषय संपला असता, पण आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये तो सापडू लागला. संशय असा की कच्च्या माशांची आतडी खाऊन कुत्र्यांना लागण होते. त्यामुळे आता तिथे मासे साफ केल्यावर आतडी पुरायला सांगतात, बाधित कुत्रा जंत निघेपर्यंत बांधून ठेवतात आणि कळवणाऱ्याला बक्षीस देतात. सलग तीन वर्षं एकही रुग्ण नाही, कुत्र्यांतही नाही, हे दाखवल्याशिवाय चाडला प्रमाणपत्र मिळणार नाही.