आठवड्याला एक कोंबडी

(दृश्य: पहाट. शेडमध्ये पिवळा दिवा, त्याखाली पिल्लांचा चिवचिवाट.)

घरापुरतं मांस घरीच वाढवायचं, तर सुरुवात इथून. ही कोंबडीची एका दिवसाची पिल्लं. पंधरा आहेत. अंगावर नुसती लव, त्यामुळे स्वतःची ऊब त्यांना धरून ठेवता येत नाही. पहिला आठवडा दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय. कडेला पांगून चोच उघडी टाकली की दिवा वर घ्यायचा. काही खातायत, काही आडवी झालीत, एखादं उगाचच पळतंय, असं दिसलं की निवांत चहा प्यायला जावं.

सहा-सात आठवड्यांनी यातली बहुतेक ताटात असतील. हे मुद्दाम आत्ताच सांगतोय. ज्याला आज ऐकवत नाही, त्याने अंड्यांवर थांबावं. त्यात कमीपणा काही नाही.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. खडूने केलेल्या खुणा.)

घराला आठवड्याला एक कोंबडी लागते असं धरू. वर्षाच्या ५२ झाल्या. सगळ्या एकदम आणल्या तर तयारही एकदमच होणार, आणि ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीची झटपट वाढणारी कोंबडी, कुणासाठी थांबत नाही. त्याची वाढ निवडपैदाशीतून इतकी वेगवान झालीय की वय जास्त झालं की पायांना वजन पेलवत नाही, हृदय दमतं. म्हणून पंधरा-पंधराची खेप, दर तीन महिन्यांनी. मरतुक धरूनही वर्षाची भागते, आणि फ्रीझरही आवाक्यातला पुरतो.

सव्वादोन किलोचा ब्रॉयलर तोवर सुमारे चार किलो खाद्य खातो. सोलून, पोट काढून हातात उरतं दीड किलोच्या आसपास. म्हणजे वर्षाला दोनशे किलोंच्या वर खाद्य विकत घ्यायचं. मंद वाढणारी जात घेतली तर तीन-चार महिने लागतात आणि प्रत्येक किलोमागे खाद्यही बरंच जास्त जातं. पण ती अंगणात फिरून किडे-गवत टिपते, आणि एखादी खुडूक झाली की २१ दिवस अंड्यांवर बसून पुढची खेप स्वतःच काढते. ब्रॉयलरची पिल्लं मात्र दर वेळी बाहेरूनच आणावी लागतात. मी मंद जातीकडे झुकतो. हिशेब माझ्या बाजूने नाही, हे कबूल.

(दृश्य: सशाचा पिंजरा. गवताच्या घरट्यात केसांचा पुंजका किंचित हलतो.)

जागा अगदीच कमी असेल तर ससा. आवाज नाही, आणि खाणं मुख्यतः चारा. मादी ३१ दिवसांत विते. त्याआधी पोटावरचे केस उपटून घरट्यात अंथरते, त्या पुंजक्याखाली सहा-आठ उघडीवाघडी पिल्लं असतात. आई दिवसभर जवळ फिरकत नाही म्हणून नवखा माणूस घाबरतो. पण ती दिवसातून एखाद्या वेळेलाच, चार-पाच मिनिटं दूध पाजते. तेवढं पुरतं. पिल्लांची पोटं गोल दिसली की तिला तिच्या मनाने वागू द्यावं.

जोड लावताना मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलट नाही. स्वतःच्या जागेत ती नराला फोडून काढते. वर्षाकाठी चार वेत, प्रत्येकी सहा पिल्लं हाती लागली तर एका मादीमागे चोवीस ससे होतात. बारा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाणाऱ्या सशातून हाडांसकट किलोभर मांस मिळतं. उन्हाळ्यात मात्र सावली आणि वारा हवाच. तापमान तिशीच्या वर टिकलं तर नर काही काळ निकामी ठरतो, आणि मग महिनाभराने रिकामं घरटं बघत बसावं लागतं.

बोकड आणि डुक्कर मी घरापुरत्या हिशेबात मागे ठेवतो. पंचवीस किलोच्या बोकडातून बारा किलोंच्या आसपास मटण निघतं, आणि ते सगळं एकाच दुपारी. शेळी १५० दिवसांनी विणार, करडू वाढायला आणखी आठ-दहा महिने. शेजारी वाटेकरी असतील तरच ते सोपं.

(दृश्य: अंधार. टॉर्चचा मंद उजेड. हात अलगद कोंबडा उचलतात.)

आता तो दिवस. खाद्य आदल्या रात्रीच बंद केलंय, आठ-दहा तास आधी, म्हणजे आतडी रिकामी राहतात. पाणी शेवटपर्यंत ठेवायचं. पक्षी अंधारातच उचलायचे. शेडभर पाठलाग करून पकडलेल्या पक्ष्याच्या स्नायूतली साखर झटापटीत खर्ची पडलेली असते. मरणानंतर त्याच साखरेचं आम्ल होऊन मांसाचा पीएच सातवरून सहाच्या खाली येतो, आणि तो किती सावकाश, किती खाली आला यावर मांसाचा पोत आणि टिकाऊपणा ठरतो. दया आणि चव इथे एकाच हातात असतात, म्हणून हात सरावाचा हवा. पहिल्यांदा करणाऱ्याने जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच करावं. सुरीला धार आदल्या दिवशी.

औषध दिलं असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय पक्षी कापायचा नाही. मी ती तारीख खुराड्याच्या दारावरच लिहितो, कारण वही हरवते.

पाणी साठ अंशांच्या थोडं वर, पक्षी त्यात मिनिटभर. त्याहून कढत झालं की पिसांबरोबर कातडीही फाटते. पोट उघडताना पित्ताची पिशवी जपायची. ती फुटली तर लागलेला भाग कापून टाका. यकृत उजेडात धरून बघायचं. एकसारखं तांबूस, गुळगुळीत असेल तर ठीक. पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो पक्षी खायचा नाही, आणि बाकीच्यांसाठी पशुवैद्याला फोन.

(दृश्य: बर्फाच्या पाण्याचं भांडं. सकाळचं ऊन सरकत भांड्यापर्यंत आलंय.)

मांस लवकर गार व्हायला हवं, पण लगेच चुलीवर चढवायचं नाही. आत्ता स्नायू ताठ आहेत, शिजवले तर चिवट लागतील. तसेच गोठवले तर वितळतानाही आखडतात. गारव्यातच काही तास जाऊ द्यायचे, रात्रभर ठेवलं तर उत्तम.

घरातली मंडळी विचारतायत, दुपारच्या जेवणाला काय. आज डाळ.