अपघात झाल्यावर पोलिसांचा कागद : मागून घ्या, वाचून घ्या

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेलं हे बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं.)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना अपघात म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको, गायमुखच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की काय होतं ते तुम्ही बाल्कनीतून बघता. मी ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात, आपण ज्याला एमएसीटी म्हणतो तिथे, जखमींच्या आणि गेलेल्यांच्या घरच्यांच्या बाजूने भरपाईच्या केसेस चालवते. आज एकच गोष्ट सांगायला आलेय. अपघातानंतर पोलीस स्टेशनात जे कागद तयार होतात त्यावर तुमचा हक्क आहे, ते मागून घ्या आणि बसून वाचा. लोक हॉस्पिटलची सगळी बिलं फाईलला लावतात, औषधाची चिठ्ठी सुद्धा टाकत नाहीत, आणि पोलिसांचं म्हटलं की "ते त्यांच्याकडे असतं ना" म्हणून सोडून देतात, पण केस उभी राहते ती आधी पोलिसांच्या कागदावर, बिलं त्यानंतर येतात.

आता कागद कुठला? नुसतं "पोलीस रिपोर्ट द्या" म्हणून चालत नाही. एफआयआर वेगळा, घटनास्थळ पंचनामा वेगळा, हॉस्पिटलातली एमएलसी नोंद, म्हणजे पोलीस केस म्हणून डॉक्टरांनी केलेली दुखापतीची नोंद, वेगळी, आरटीओचा गाडी तपासणी रिपोर्ट वेगळा, आणि किरकोळ घासाघासी असेल तर फक्त स्टेशन डायरीची नोंद. कोणाला दुखापत झाली असेल तर हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवणं बरोबर नाही. २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१, दुखापतीचं १२५ आणि मृत्यू झाला तर १०६. पूर्वी २७९, ३३७, ३३८, ३०४ अ म्हणायचो, जुने हवालदार अजून तेच बोलतात, गोंधळू नका.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडिताला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. शिवाय २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यापासून संवेदनशील गुन्हे सोडले तर पोलिसांना एफआयआर ऑनलाइन टाकावा लागतो, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर जाऊन आयुक्तालय, पोलीस स्टेशन आणि तारीख टाकली की सापडतो. ठाणे शहर आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं आहेत, नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर झालेला अपघात ठाण्याच्या यादीत शोधत बसू नका.

पण मला खरं बोलायचंय ते पंचनाम्यावर. एफआयआर म्हणजे एका माणसाने सांगितलेली हकीकत, आणि बऱ्याचदा ती सांगणारा स्वतः घाबरलेला असतो, नातेवाईक असतो, त्याने प्रत्यक्ष बघितलेलं पण नसतं. पंचनाम्यात जागा लिहिलेली असते. कुठल्या वाहिनीवर, ठाण्याकडून बोरिवलीकडे की उलट, दुभाजकापासून गाडी किती फुटांवर, ब्रेकच्या खुणा कुठून कुठपर्यंत, काचा कुठे पडल्या, दिवे चालू होते का, रस्त्यावर खोदकाम होतं का, आणि शेवटी एक कच्चा नकाशा. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील उभा राहून "मोटारसायकलवाला राँग साइडने येत होता" म्हणतो तेव्हा त्या नकाशातला एक बाण केस वाचवतो किंवा बुडवतो. त्या बाणाची दिशा चुकली असेल आणि तुम्ही ते पहिल्या आठवड्यात लेखी सांगितलं असेल तर कोर्ट ऐकून घेतं, पण दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा सांगितलं तर ते बनवून सांगितल्यासारखं दिसतं. म्हणून घरातलं कोणीतरी एक, जो जखमी नाही, त्याने पंचनाम्याच्या वेळी तिथे थांबावं, नाहीच जमलं तर गाड्या हलवायच्या आधीचे फोटो काढून ठेवावेत, नंबर प्लेट, रस्ता, सिग्नल सगळं दिसेल असे लांबून पण. माझं मत विचाराल तर हे फोटो एखाद्या साक्षीदारापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आणि सही करायच्या आधी वाचा हो! तुमचा जबाब तुम्हाला वाचून दाखवला पाहिजे. गाडीचा नंबर, वेळ, ड्रायव्हरचं नाव आणि तो खरंच गाडी चालवत होता का, एवढं तरी तपासा. समोरच्याच्या लायसनचा प्रॉब्लेम असला की दुसऱ्याच माणसाला ड्रायव्हर म्हणून उभं करायचा प्रयत्न होतो, हे तिथल्या तिथे पकडलं नाही तर पुढे फार त्रास होतो.

गुन्हा नोंदवून घेत नाहीत असं झालं तर? आधी पोलीस स्टेशनात ड्यूटीवर असलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे ठाणे अंमलदाराकडे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी नाही झालं तर तोच अर्ज तुमच्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली, कापूरबावडी की कासारवडवली, तुर्भे की सानपाडा, तर झिरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असो तो नोंदवावाच लागतो. उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात म्हटलंय की नुसत्या उशिरामुळे भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, आपल्याकडे माणूस आधी जखमीला घेऊन हॉस्पिटलला पळतो हे कोर्टाला कळतं. पण उशीर का झाला ते एफआयआरमध्येच लिहून घ्या.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम असेल, बंपर गेला, दरवाजा चेपला, कोणाला लागलं नाही, तर बहुतेक वेळा एफआयआर लागत नाही, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. समोरच्याला लागलंय, किंवा समोरचा पळून गेलाय, तर मात्र पोलिसांत जाच. ड्रायव्हरवर तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ते बंधनच आहे, जखमीला मदत करायची आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं.

आता भरपाई. २०२२ च्या १ एप्रिलपासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर, ज्याला डीएआर म्हणतात. याच्या प्रती पीडिताला द्यायच्या असतात, आणि १० दिवसांत तुमचे हक्क आणि पुढची प्रक्रिया सांगणारा एक फॉर्म पण तुमच्या हातात यायला हवा. हे फारच थोडे लोक मागतात! तपास अधिकाऱ्याला नावानिशी अर्ज करा, "पहिला अहवाल आणि डीएआरची प्रत मिळावी" असं सरळ लिहा. पळून गेलेल्या किंवा जागेवरच असलेल्या गाडीच्या मालकाचं नाव हवं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० खाली पोलीस स्टेशन किंवा आरटीओकडून ठरलेली फी भरून मागता येतं. आणि दावा सहा महिन्यांत दाखल करा, त्याच कायद्यात कलम १६६ ला तशी मुदत घातलीय, तिच्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे पण त्या भरवशावर घरी बसू नका.

गाडीचा पत्ताच लागला नाही तर हिट अँड रनची सरकारी योजना आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज न्यायाधिकरणात करायचा नाही, प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, आणि तिथेही पहिला कागद एफआयआरच लागतो. रक्कम फार नाही, तरी सोडू नका. २०२५ पासून कॅशलेस उपचाराचीही योजना आहे, अपघातापासून ७ दिवसांत दीड लाखापर्यंत, तिच्यात पोलिसांनी अपघाताची खात्री ऑनलाइन करून द्यावी लागते, तेव्हा हॉस्पिटलात पोहोचल्याबरोबर ११२ ला कळवा.

मागे बसलेल्या मावशींनी मघाशी विचारलं, मुलगा साताऱ्याकडून येताना हायवेवर पडला, एफआयआर तिकडचा, आता दर तारखेला तिकडे जायचं का? नाही मावशी. फौजदारी केस तिकडेच चालेल, तिथे त्याला फार तर साक्षीला जावं लागेल. भरपाईचा दावा मात्र तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात, म्हणजे इथे ठाण्यात, करता येतो. फक्त तिकडच्या पोलीस स्टेशनातून एफआयआर, पंचनामा, गाडी तपासणी रिपोर्ट, समोरच्या गाडीचं आरसी आणि विम्याची प्रत एवढं आणा, मुलाची एमएलसी इथल्या हॉस्पिटलात झाली असेल तर ती पण, आणि या सगळ्याचे दोन सेट करून त्यातला एक घरीच ठेवा.