टेबलावरची खांदेरी

(अलिबागमध्ये एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

या काळ्या फडक्यावर जे ठेवलंय ते मागच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून आधी सांगून टाकते. ती एक गुराब आहे, म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज, छोट्या नमुन्याच्या रूपात. लांबी अडीच सेंटीमीटर. अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, डोलकाठ्या नारळाच्या हिराच्या, शिडं जुन्या वहीच्या कागदाची. बोलणं संपलं की पुढे या आणि हातात घेऊन बघा. फक्त डोलकाठीला धरू नका, तळाला धरा.

आम्ही पाच जण आहोत. एक भूगोलाचे शिक्षक, एक पेणचा मूर्तिकार, एक बंदरावर हिशेब लिहिणारा, एक नर्स आणि मी. गेली बारा वर्षं महिन्यातून एक रविवार आम्ही कुणा एकाच्या घरी जमतो, दोन टेबलं जोडतो, त्यावर निळं कापड अंथरतो आणि जुन्या लढाया खेळतो. इंग्रजीत याला वॉरगेम म्हणतात. आमच्या घरचे 'गलबतं' म्हणतात. "आज गलबतं आहेत का?" म्हटलं की चहाचं आधण वाढतं.

याचं मूळ तुमच्या-माझ्या अंगणातच आहे. दिवाळीचा किल्ला. दगड, माती, पोत्याचं फडकं, वर पेरलेले अळीव आणि मोहरी. माझ्या भावांनी आणि मी केलेल्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा आणि वाघ दरवाजाएवढा. कुणाला खटकायचं नाही. पण किल्ला पूर्ण झाला, महाराज सिंहासनावर बसले, मावळे पहाऱ्यावर उभे राहिले की पुढे काय करायचं, हा प्रश्न मला दरवर्षी पडायचा. सगळी तयारी झालेली आणि काहीच घडत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत तो किल्ला तसाच उभा आणि मग पाऊस नाहीतर मांजर त्याला पाडणार. त्या उभ्या मावळ्यांना हलवायचं कसं, याचं उत्तर मला फार पुढे, चाळिशीत मिळालं.

ते उत्तर प्रशियातून आलं होतं. तिथे राइसविट्झ नावाच्या सैन्याधिकाऱ्याने, वडिलांनी सुरू केलेला खेळ सुधारून, १८२४ साली त्याचे नियम छापले. मोठा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला देतात आणि पंच सांगेल तेवढंच त्यांना दिसतं. म्यूफ्लिंग या सेनाप्रमुखांनी तो पाहिला आणि हा खेळ नव्हे, युद्धाचं शिक्षण आहे, असा निर्वाळा दिला. पुढे १८९८ साली इंग्लंडात फ्रेड जेन यांनी आरमारी खेळ काढला. जगातल्या लढाऊ जहाजांची त्यांची यादी सुरू झाली ती या खेळाला माहिती हवी म्हणून. ती वार्षिकं आजही निघतात. आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी घरातल्या जमिनीवर खेळण्यातल्या शिपायांनी खेळायचे नियम लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध कितीतरी बरं, असं त्यांचं कळकळीचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आता 'लहान'पणाबद्दल. हे मला नीट समजावून सांगायचंय, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. दुकानात किंवा संगणकावर बघितलं की डोळ्यात भरतात ते २८ मिलिमीटरचे शिपाई. मिश्या दिसतात, पागोट्याची वळणं दिसतात. पण त्या मापात एक किलोमीटर म्हणजे घरातले सोळा-सतरा मीटर. म्हणजे ओसरीपासून विहिरीपर्यंत. अशा मापात समुद्र मावत नाही. ६ मिलिमीटरच्या शिपायांत तोच किलोमीटर सव्वातीन मीटरवर येतो. आमची गलबतं एकास बाराशे या मापाची आहेत. तिथे किलोमीटर ८३ सेंटीमीटरचा होतो. तरीही थळचा किनारा आणि त्यासमोरची उंदेरी आणि खांदेरी ही बेटं एका टेबलावर बसेनात, म्हणून समुद्राचं माप आम्ही एकास चोवीसशे धरलं. जहाज समुद्राच्या मानाने दुप्पट मोठं दिसतं, एवढी तडजोड केली. पण त्यामुळे एक सुंदर गोष्ट झाली: एक वीत म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. तोफेचा पल्ला आम्ही वितीने मोजतो. नियमाच्या वहीत 'एक वीत' असंच लिहिलंय. सगळ्यांची वीत सारखी नसते म्हणून शिक्षकांच्या वितीएवढा एक हीर कापून ठेवलाय.

जहाज जितकं लहान केलं तितका समुद्र मोठा झाला, आणि समुद्र मोठा झाल्यावर वारा आला. वारा आला तेव्हा आम्हाला खांदेरी समजायला लागली.

लढाई तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीला हात घातला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रज हादरले. त्यांनी जहाजं पाठवली, सप्टेंबरात बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा अधिकारी मारला गेला. मग १८ ऑक्टोबरला पहाटे मराठ्यांचे आरमारप्रमुख दौलतखान यांचं आरमार, पन्नासच्या आसपास गलबतं, किनाऱ्याकडून निघालं आणि नांगरून पडलेल्या इंग्रजांवर चालून गेलं. अर्ध्या तासात इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब हाती आली. त्यांची बाकीची जहाजं लांब राहिली. 'रिव्हेंज' हे मोठं जहाज, त्यावर केग्विन हा इंग्रज अधिकारी, एकटं टिकून राहिलं. इंग्रजांच्या बाजूने लिहिलेली हकीकत सांगते की पाच गलबतं बुडाली आणि मराठ्यांचं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरलं.

पहिल्या वर्षी आम्ही ही लढाई सात वेळा खेळलो. सातही वेळा सुरुवात चुकली. मराठ्यांची गलबतं अर्ध्या वाटेत असतानाच 'रिव्हेंज' वळायची, आपली बाजू त्यांच्याकडे करायची आणि बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागायची. 'डव्ह' कधी हाती लागायचीच नाही. मग इतिहासात लागली कशी?

एका रविवारी आमच्यातल्या बंदरावरच्या मित्राचे वडील सोबत आले. थळचे, जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. ते खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग विचारलं, "किती वाजले तुमच्यात?" आम्ही गोंधळलो. वेळ आम्ही धरलीच नव्हती. वाऱ्यासाठी फासा टाकायचो, सहा दिशा, पडेल ती. काकांनी फासा बाजूला केला. ऑक्टोबरातली पहाट, म्हणजे मतलई, जमिनीवरून समुद्राकडे. किनाऱ्यावरून निघालेल्याच्या पाठीशी वारा आणि नांगरावर असलेल्याच्या तोंडावर. मग ऊन चढतं, मतलई पडते, आणि खारा वारा सुटेपर्यंत मधे एक मोकळा, मेलेला वेळ जातो. त्यांनी गलबतांवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता वारा मरेल. वल्ही काढा."

शाळेत 'खारे वारे आणि मतलई वारे' आपण सगळ्यांनी पाठ केलंय. आमच्या शिक्षकांनी तर पंचवीस वर्षं शिकवलंय. ते त्या दिवशी उठून खिडकीत जाऊन उभे राहिले.

वाऱ्याचा नियम बदलल्यावर सगळा खेळ बदलला. गलबत म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांचं हलकं जहाज. त्याच्या आणि गुराबीच्या तोफांची मदार नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर. त्यांना वळायची गरज नाही, शत्रूकडे तोंड केलं की तोफही तिकडेच. इंग्रजी जहाजाच्या तोफा बाजूला. त्याला मारा करायचा तर वळलं पाहिजे आणि वळायचं तर वारा पाहिजे. मेलेल्या वाऱ्यात वल्ह्यांचं गलबत राजा असतं. आठव्या खेळात 'डव्ह' चौथ्या फेरीत पडली. त्या दिवशी मी दौलतखानांच्या बाजूला होते, आणि ती गुराब आमच्याकडे ओढून घेताना माझा हात थरथरत होता.

पण त्या दिवशीही हिशेब मांडल्यावर आम्ही हरलो. बुडालेल्या जहाजाचे गुण, पकडलेल्याचे गुण, अशी आमची पद्धत होती आणि 'रिव्हेंज'ने पाच-सहा गलबतं घेतलेलीच असायची. सगळ्यांना वाईट वाटलं, मला जास्त. तेव्हा नर्स असलेली आमची मैत्रीण म्हणाली, "पण किल्ला तर झाला ना?"

बरोबर आहे. किल्ला झाला. रात्रीच्या अंधारात लहान होड्या इंग्रजांच्या पहाऱ्यातून सटकून बेटावर सामान पोचवत राहिल्या. मोठ्या जहाजांना त्या सापडत नव्हत्या. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, तिथून तोफा डागल्या, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. इंग्रज मुंबईला परत गेले. दौलतखानांना शत्रूचं आरमार बुडवायचं नव्हतंच. बेटावरच्या माणसांना दगड, चुना आणि धान्य मिळत राहावं, एवढंच करायचं होतं. आम्ही वर्षभर चुकीची गोष्ट मोजत होतो.

आता आमचा खांदेरीचा खेळ दोन भागांत होतो. दिवसाची लढाई टेबलावर. मग दिवे मंद करतो आणि रात्रीची फेरी, तीत राइसविट्झची पंचाची पद्धत. मराठ्यांचा खेळाडू चिठ्ठीवर लिहितो, किती होड्या, कुठून, भरतीच्या कुठल्या वेळी. इंग्रजांचा खेळाडू पहाऱ्याची जागा लिहितो. पंच दोन्ही ताडून बघतो आणि सांगतो, "तीन पोचल्या." शेवटी मोजायच्या त्या पोचलेल्या होड्या. असं मोजल्यावर दौलतखान बहुतेक वेळा जिंकतात, पण केग्विनच्या बाजूने खेळणाऱ्याने उंदेरीकडची वाट नीट धरली तर नाही जिंकत.

केग्विनच्या बाजूने खेळणारा, म्हणाले मी. यावर आमच्यात एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. एक जण इंग्रजांकडून खेळायलाच तयार नव्हता. बसवलं तर मुद्दाम मूर्खासारखा खेळायचा, जहाजं खडकावर घालायचा. त्याच्या मनातलं मला कळत होतं. पण मूर्ख शत्रूला हरवण्यात दौलतखानांची काय थोरवी? केग्विन साधा माणूस नव्हता. त्याने १६७३ मध्ये सेंट हेलेना बेट डचांकडून परत घेण्यात भाग घेतला होता आणि पुढे १६८३ मध्ये मुंबईत खुद्द ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड केलं. अशा माणसासमोर आपली माणसं उभी राहिली. तेव्हापासून बाजू चिठ्ठी टाकून ठरते आणि मिळालेली बाजू जीव तोडून खेळायची, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर आहे. 'रिव्हेंज' रंगवताना मूर्तिकाराने तिला आमच्या गुराबींइतकेच दिवस दिले.

त्याच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा तो माणूस. त्याच कुंचल्याने तांदळाच्या दाण्याएवढ्या तोफेचं तोंड काढतो. आम्हाला हव्या तशा गुराबा तयार मिळाल्या नाहीत, म्हणून त्याने कोरायला घेतल्या. पांगारा निवडला कारण तो हलका, मऊ आणि सुरीला वश. त्याच्याकडून शिकलेलं एक सांगते: आपल्याकडे रंगाचं अस्तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत द्यायचं. पावसाळ्यात फवाऱ्याचं अस्तर मारलं की हवेतल्या ओलीने त्यावर पांढरी साय धरते. माझी सहा गलबतं अशी गेली. जूनपासून सगळं सामान पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कारण बुरशी कागदाच्या शिडांपासून सुरुवात करते. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात तेव्हा आमचीही डब्यात असतात. ते चार महिने वाचायचे.

युद्धाचा खेळ कशाला, असं मला जवळजवळ दर वेळी कुणीतरी विचारतं, आणि विचारणं योग्य आहे. मी एवढंच सांगते की आमच्याकडे गलबत बुडालं की पंच ते टेबलावरून उचलतो आणि मोठ्याने म्हणतो, "चाळीस वल्हेकरी." त्यानंतर काही क्षण कुणी फासा उचलत नाही. हा नियम नर्स मैत्रिणीने घातला.

खांदेरी २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. थळहून होडीने जाताना माझ्या डोळ्यांसमोर हल्ली तट नंतर येतो, आधी मधलं पाणी येतं. तिथून होड्या गेल्या, इथे पहारा होता, इकडून मतलई.

आता आम्ही कुलाब्याच्या तयारीत आहोत. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर आले, बाजीरावांचे स्वार मदतीला धावले आणि पोर्तुगिजांनी परस्पर तह करून टाकला. ओहोटीला आपण चालत जातो तोच किल्ला, इथून दहा मिनिटांवर. म्हणजे या वेळी वाऱ्याबरोबर ओहोटीचाही नियम लागणार: उधाणाची म्हणजे मोठी की भांगाची म्हणजे लहान, आणि किती वेळ वाळू उघडी राहते. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणापासून ती वाळू ओलांडली आहे, त्यांनी मला हे जरूर सांगावं. वही सोबत आणली आहे.

मागच्या खोलीत टेबल मांडून ठेवलंय. खांदेरी, पहाटेची वेळ. दोन जागा रिकाम्या आहेत, चिठ्ठ्या टाकू.