डिकीखालची टाकी

(दृश्य: ठाणे, वागळे इस्टेट. सकाळ. शटर अर्धं वर. आत कापडाखाली झाकलेली एक बुटकी, लाल गाडी.)

डिकी उघडली की पेट्रोलचा वास यायचा. सुरुवातीला किंचित. मग गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी तो वास जिन्यापर्यंत येऊ लागला. आई रोज विचारायची, "गेला का वास?" बाबा रोज गाडीखाली वाकून बघायचे. खाली एक थेंबही नसायचा.

बाबांची ही एमजीबी स्पोर्ट्स कार 1967 सालची. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बंद छपराच्या धरून पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. आमची दोन माणसांची, उघड्या छपराची, 1798 सीसी इंजिनाची. नौपाड्यातून ती निघाली की लोक रस्त्यात थांबून बघतात. कुणी क्रोमचा बंपर बघतं, कुणी तारांची चाकं. डिकीच्या पत्र्याखाली बोल्टांनी आवळलेली 54 लिटरची टाकी बघायला कुणी वाकत नाही. ही फिल्म त्या टाकीची आहे.

(दृश्य: गाडी जॅकवर. टाकी खाली उतरते आहे.)

उतरते आहे ती मूळची टाकी नाही. मूळची कधीच गेली. ही सहा वर्षांपूर्वी बसवलेली बदली टाकी. खोक्यातून निघाली तेव्हा काळीभोर, चकचकीत होती. ज्या गॅरेजात बसवली तिथे सांगितलं, "रंग मारूनच येते, परत कशाला मारायचा?" आम्हाला ते पटलं. त्यावर सहा पावसाळे गेले.

"ताई, खालून नका बघू," मिस्त्री म्हणाले. "खालून चांगलीच दिसणार. वरून बघा."

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. मिस्त्री इथे पोरवयात आले, आणि चाळीस वर्षं रंगाचंच काम करतायत. त्यांनी टाकीच्या वरच्या पत्र्यावर पेचकसाची मूठ हलकेच आपटली. मग पेचकस उलटा धरून टोक नुसतं टेकवलं. टोक आत गेलं. जोर लावावाच लागला नाही, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं गेलं.

(दृश्य: अगदी जवळून. गंजाचे पापुद्रे, त्यात अडकलेली बारीक पानं.)

एमजीबीची टाकी वरून गंजते. टाकी आणि डिकीचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम बोटभर फट असते. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो, आणि एकदा बसला की निघत नाही. टाकी वाजू नये म्हणून वर स्पंजाच्या पट्ट्या लावतात, त्या पाणी पिऊन बसतात. आमच्या टाकीवर तर गुलमोहराची पानं सापडली, चहाच्या चोथ्यासारखी काळी पडलेली. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेजारी खाडीची खारी हवा. ती ओल दिवाळीपर्यंत वाळत नाही. वरून भोकं पडली, म्हणून पेट्रोल खाली गळत नव्हतं. वाफ मात्र डिकीत शिरत होती.

बाबांनी विचारलं, "मिस्त्री, ठिगळ मारून चालणार नाही का?"

मिस्त्रींनी मान हलवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं हेच मिश्रण तयार होतं. धुतली तरी जोडाच्या घडीत पेट्रोल दडून राहतं. त्यांच्या शेडमध्ये जुन्या टाकीला वेल्डिंग होत नाही. हा नियम त्यांनी स्वतःच घातलेला.

(दृश्य: नवं खोकं. नवी टाकी, पुन्हा तशीच काळी.)

नवी टाकी आली. तशीच काळी, तशीच चकचकीत. मिस्त्रींनी बनियनच्या कापडाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि टाकीच्या कोपऱ्यावरून तीन वेळा फिरवला. बोळा काळा झाला. खालून रुपेरी पत्रा दिसू लागला.

"हा रंग प्रवासापुरता," ते म्हणाले. "बोटीतून येताना गंज धरू नये म्हणून. ह्याच्यावर कितीही भारी रंग मारा, तो ह्याच्यासकट सुटणार."

सहा वर्षांपूर्वी हे तीन हात कुणी फिरवले असते तर? मी हा विचार बोलून दाखवला नाही. बाबांच्या चेहऱ्यावर तो दिसतच होता.

पुढची पहिली पायरी मला अनपेक्षित होती. रंगाआधी सगळी तोंडं बंद करायची. पेट्रोल भरायचं तोंड, पाइपचं तोंड, पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या फ्लोटची गोल जागा. घासताना उडालेली पूड आत गेली तर ती पुढे पंपाच्या जाळीत आणि कार्बोरेटरमध्ये जाऊन बसते. मग एका तोंडातून सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा भरली आणि जोडावर साबणाचं पाणी लावलं. कॉम्प्रेसर शेजारीच होता, त्याला हात लावला नाही. पातळ पत्र्याची चपटी टाकी, जास्त हवा भरली तर फुगून आकार बिघडतो. बुडबुडा आला नाही. रंग चढवल्यावर गळती कळून काय उपयोग, म्हणून ही तपासणी आधी.

बाबांना कुणीतरी रबाळ्याला पावडर कोटिंग करून घ्यायला सांगितलं होतं. मिस्त्रींनी टाकी हातात फिरवून तोंडांचे जोड बघितले. त्यात रंगाची कोरडी पावडर पत्र्यावर उडवून भट्टीत 180 ते 200 अंशांवर भाजतात. कथील आणि शिशाची झाळ 183 अंशांनाच वितळायला लागते. एखादं तोंड झाळलेलं निघालं तर टाकी भट्टीतून चकचकीत होऊन येईल आणि पहिल्या दिवशी गळेल. त्यांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी ते टाळलं. मला हे फार आवडलं.

(दृश्य: पेपर मारणारे हात. आवाज तसाच राहू द्यावा.)

दोन तास पॉलिश पेपर मारणं चाललं. सपाट भाग पटकन उरकतो, वेळ खातात त्या उठावाच्या घड्या आणि कडेची शिवण. तिथे मिस्त्री मशीन लावत नाहीत. पेपराची घडी करतात, नखाच्या आधारानं आत सरकवतात आणि ओढतात. त्यांचं उजव्या तर्जनीचं नख एका बाजूनं झिजलंय.

आता घाई करायची. उघडं लोखंड खाडीच्या हवेत रात्रभर राहिलं तर सकाळी त्यावर पिवळट झाक येते. पण संध्याकाळी दमटपणा वाढला होता, म्हणून मिस्त्रींनी टाकी पुसून, कोरड्या कापडात गुंडाळून दिव्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठला पोचले. जानेवारीची थंडी. कापड काढलं तर पत्र्यावर हात फिरवल्यावर ओल लागली.

"लोखंडाला घाम आलाय. अकरा वाजू देत."

हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होते त्यापेक्षा पत्रा निदान तीन अंश गरम हवा, असं रंगकामाचं शास्त्र सांगतं. मिस्त्री मनगटाची आतली बाजू पत्र्याला लावून बघतात. मग खात्रीसाठी मुलानं आणून दिलेलं आर्द्रतेचं छोटं यंत्र बघतात. साडेअकराला त्यांनी पत्रा पुन्हा हलकासा घासला, पुसला आणि इपॉक्सी प्रायमर कालवला.

हाताखालच्या पोरानं विचारलं, रेड ऑक्साइड का नाही? तो खिडकीच्या ग्रिलला ठीक आहे, टाकीला नाही. भरताना पेट्रोल सांडतंच, आणि साधा रंग पेट्रोलनं मऊ पडतो. म्हणून खाली इपॉक्सी आणि वर हार्डनर घालून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना घातक. मिस्त्री हवा गाळणाऱ्या काडतुसांचा मास्क लावतात. आधी तोंडाला रुमाल बांधूनच मारायचे. सोबतच्या एका कारागिराला दम्याचा त्रास सुरू झाल्यापासून त्यांनी रुमाल सोडला.

(दृश्य: स्प्रे गन. टाकीची वरची बाजू कॅमेऱ्याकडे.)

प्रायमरचे दोन हात. मग शिवणीवर सीम सीलर, म्हणजे फट बुजवायची लुगदी, बोटानं दाबत, पाणी थांबायला जागा उरणार नाही असा. मग काळा पीयू. खालच्या बाजूला दोन हात, वरच्या बाजूला तीन. वरची बाजू डिकीखाली कायमची झाकली जाणार, आणि सगळी मेहनत तिथेच. फक्त फ्लोटच्या रिंगेखाली त्यांनी चिकटपट्टी लावून रुपयाएवढी जागा कोरी ठेवली. तिथे धातूला धातू लागला नाही तर अर्थिंग मिळत नाही आणि पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवतो.

पीयू हाताला त्याच दिवशी सुकला. पण पूर्ण घट्ट व्हायला आठवडा दिला. त्या आठवड्यात जुने रबरी पाइप काढले. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या हिशेबाचं रबर ते सोसत नाही, आधी फुगतं, मग चिरतं. ते सोसणाऱ्या व्हिटॉन रबराचे पाइप घातले. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, तेव्हा बाबांनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची नाही असं ठरलं. स्पंजाच्या जागी पाणी न पिणाऱ्या रबराच्या पट्ट्या आल्या. बोल्ट आवळताना रंग फुटू नये म्हणून प्रत्येकाखाली नायलॉनचा वायसर आणि बोटभर ग्रीस.

(दृश्य: टाकी वर चढते. डिकीचा पत्रा तिला झाकतो.)

पाच लिटर पेट्रोल ओतलं. बाबांनी किल्ली फिरवली. मागून इलेक्ट्रिक पंपाचा आवाज सुरू झाला. टक, टक, टक, टक. कार्बोरेटर भरत गेले तसा आवाज मंदावला आणि थांबला. काटा थरथरत थोडा वर चढला. मिस्त्री खाली आडवे झाले, टॉर्च फिरवला, प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवून नाकाला लावलं.

रात्री बाबांनी टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी सहाला ते माझ्याआधी खाली गेले होते. मी पोचले तेव्हा डिकी उघडी होती आणि ते आत वाकून वास घेत होते. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र होतं, कोरडं.